फतेगंजचा पूल, इटलीचा चढ

ता. ३ ऑक्टोबर, बुधवार

वन्सं आज पण पहाटे साडेपाचला निघाल्या. (ह्यापुढे नुसतं व. लिहीन. बोटं दुखतात.) डोक्यावर ते हेल्मेटचं टोपलं, हातात बिनबोटांचे मोजे. म्हटलं, "वन्सं, लढाईला की दुधाला?" बोलल्या नाहीत, टोपल्याचा पट्टा दातात होता.

बासष्टाव्या वर्षी गियरची सायकल. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पोरींना नकाशात इटलीचा बूट दाखवला, आता त्या बुटात पाय घालायचाय. मे महिन्यात. आठ बायका, काही पुण्याच्या, काही अमदावादच्या. बारा दिवस, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, ते पण डोंगरातले गावरस्ते. मोटारी नाहीत, ट्रक नाहीत. "अर्ध्या तासात एखादी गाडी दिसते म्हणे."

"मग पंक्चर झालं तर हाक कोणाला मारणार?"

"तेच तर हवंय वहिनी. कोणी नको."

वेडच.

ता. ५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी हिंचक्यावर बसून व. नी वही वाचून दाखवली. शाळेतली लांब वही, रंगीत पेन्सिली, एका पानावर एक रस्ता. कुठं डांबर, कुठं पांढरी माती, नळ कुठं, सावली कुठं, कुठल्या वळणावर कुत्रा सुटा असतो. कुत्र्याचं पण! तिकडे सायकलवर फिरून आलेले लोक कॉम्प्युटरवर लिहून ठेवतात, ह्या वाचून उतरवतात.

"हे बघ, तोस्काना. टेकडीवर गाव, खाली द्राक्षं, मधून हा रस्ता. मोठा रस्ता पलीकडून काढला म्हणून हा रिकामा राहिला."

म्हटलं, माझ्या माहेरी पण मोठा रस्ता पलीकडून गेला. गाव रिकामं झालं. ते बघायला कोणी सायकलवर येत नाही. व. हसल्या. चहा दोनदा झाला.

हसता हसता मग ते सांगितलं. फतेगंजचा पूल त्यांना अजून चढवत नाही. बडोद्यात डोंगर कुठला, पूल हाच डोंगर. अर्ध्यावर दम तुटतो, उतरावं लागतं. आणि कोणी येताना दिसलं की वाकून टायर दाबतात. हवा बघतेय असं. पहाटे लष्करातली मुलं पळत जातात, दूधवाले जातात, ते गेले की सायकल ढकलत वर. "एकदा तर सात वेळा हवा बघितली वहिनी. एक जण थांबला, म्हणाला बेन, पंप आपुं?"

पोट दुखेस्तोवर हसलो दोघी. हे गेल्यापासून सहा वर्षांत घरात एवढं हसणं झालं नव्हतं.

"कोणाला सांगू नकोस हं."

म्हटलं, सांगते कशाला.

ता. १४ ऑक्टोबर, रविवार

भोंडला. सोसायटीच्या हॉलमध्ये, चार वाजता, कारण सातनंतर सगळ्यांना गरब्याला पळायचं. पाटावर हत्ती काढला, सोंड जरा आखूड झाली. व. आल्या नाहीत. फेर धरायचं वय गेलं म्हणतात. सायकलीचं नाही गेलं.

मी फेर धरला तसं सगळ्या गोळा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी खुर्ची जरा लांब ठेवतात, वाण हातात देतात आणि कपाळाकडे बघत नाहीत. भोंडल्यात मात्र मी नसले तर पाऊल उचलत नाही कोणाचं. दर वर्षी माझं एक नवं गाणं असतं. सासवा झाल्या, सुना झाल्या, गेल्या वर्षी पाण्याची टाकी पण झाली. यंदा म्हटलं, नणंद. भोंडल्यात नणंद नाही गायची तर कोण गायचं?

*वन्सं आमच्या निघाल्या दूर इटलीला गं*
*दोन चाकी घोडं त्यांचं उभं दाराला गं*
*फतेगंजचा पूल आला, दम लागला गं*
*कोणी येता खाली वाकून हवा बघती गं*
*हवा बघती, हवा बघती, चाक दाबती गं!*

शेवटच्या ओळीला सगळ्या वाकल्या आणि अंगठ्यानं चाक दाबलं. तीस-चाळीस बायका, एकदम. परत गा, परत गा. पाच वेळा झालं. बारा नंबरातली स्मिता मोबाईल धरून उभी होती. मी पाहिलं. नको म्हटलं नाही. उलट पदर नीट केला.

खिरापत सुरणाची बर्फी. कोणालाच ओळखता आली नाही. छान दिवस गेला.

ता. १५ ऑक्टोबर, सोमवार

स्मितानं ते मंडळाच्या ग्रुपवर घातलं. व. पण आहेत त्या ग्रुपवर. वर्षात दोनदा उघडतात. आज उघडला.

सकाळी पोहे देत होते. मोबाईल माझ्यासमोर ठेवला. आवाज मोठा केला. सगळं ऐकवलं, पहिल्यापासून.

"वहिनी, हे कोणी केलं?"

"सगळ्यांनी मिळून. एकेक ओळ एकेकीची."

तोंडातून निघून गेलं. पोहे वाढत होते ते वाढतच राहिले, ताटलीबाहेर.

व. म्हणाल्या, "चांगलं झालंय. चालीत बसतंय." आणि उठून कप विसळला. पोह्यांना हात लावला नाही.

ता. १७ ऑक्टोबर, बुधवार

सायकल दोन दिवस निघाली नाही. म्हणतात, गुडघा.

बाजूच्या कोकिलाबेन मनाच्या चांगल्या, त्यांना मराठी गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण अंगठा दाबायचं कळलं. कंपाउंडवरून हाक मारून, "विजयाबेन, हवा बराबर छे ने?" व. नी हसून मान हलवली. दुपारी वॉचमननं पण अंगठा केला. डेअरीवर पण. आता ते सोसायटीचं नमस्ते झालंय.

माझ्याशी बोलतात. मीठ दे, दार लाव, गॅस आला का. बास.

ता. १८ ऑक्टोबर, दसरा

सोसायटीत सगळ्यांनी गाड्या धुतल्या, हार घातले. मी झेंडूची एक लांब माळ जास्त केली होती, सायकलसाठी. जिन्याखाली गेले तर सायकलवर चादर. ह्यांच्या स्कूटरवर, हे गेल्यावर टाकली होती ना, तीच निळ्या फुलांची.

माळ हातात घेऊन उभी राहिले. चादरीवर हार घालायचा नसतो. आणून दाराच्या चौकटीला लावली, डबल झाली. व. म्हणाल्या, "दोन का?" म्हटलं, उरली.

ता. २९ ऑक्टोबर, सोमवार

स्मिताकडे गेले. "काढून टाक गं ते."

"अहो काकू, आता काय काढणार? मला तो व्हिडिओ डभोईच्या मावशीनं परत पाठवला. लोकं विचारतात, ह्या काकू कोण, काय गोड गातात. तुम्ही फेमस!"

मला म्हणाली. मला. आणि एक क्षण बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण नंतर मी हे विसरेन आणि म्हणेन की पहिल्यापासून वाईटच वाटत होतं. तसं नाही. जिना उतरेपर्यंत बरं वाटत होतं.

ता. २ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याला पोचलं. इटलीला जायच्या त्या आठ बायकांतली एक. तिनं व. ना पाठवलं, खाली हसरी तोंडं काढून. "ह्या वन्सं म्हणजे तुम्हीच का?"

व. नी मला हे सांगितलं नाही. मी मोबाईल बघितला, त्या अंघोळीला गेल्या तेव्हा. ती एक सवय माझी. चोरून बघणं.

व. नी उत्तर लिहिलं होतं. "हो, मीच."

ता. ९ नोव्हेंबर, भाऊबीज

हे गेल्यापासून व. चंद्राला ओवाळतात. गच्चीवर गेलो. बीजेची कोर, नखाएवढी, फटाक्यांच्या धुरात दिसेना. खूप वेळ ताट धरून उभ्या.

खाली येताना बोलल्या, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट.

"दादानं मला सायकल शिकवली, पोलो ग्राउंडवर. तुला माहितीये, तो कधी बघायचा नाही. चालव म्हणायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. पडलीस तर मी पाहिलं नाही, घरी सांगणार नाही."

मग जिन्यात थांबून, "मी त्यांना कळवणार आहे, मला नाही जमत. गुडघा."

मी म्हटलं, "बघा, तुम्हाला ठीक वाटेल ते." एवढंच सुचलं. नाहीतर ह्या तोंडाला कधी काही सुचत नाही असं झालंय का?

ता. २० नोव्हेंबर, मंगळवार

परत चोरून बघितलं. व. बँकेत गेल्या होत्या. इटलीची वही काढली. त्यांनी कळवलं का, तेवढंच बघायचं होतं.

नाही कळवलं. मधे त्या पुण्याच्या बाईंच्या पत्राचा कागद होता. प्रत्येकीनं मोठा चढ एकदा तरी चढून बघावा, आणि पंधरा जानेवारीपर्यंत हो की नाही पक्कं सांगावं. खाली आणखी एक ओळ. "तुम्ही विचारलंत, वहिनींना सामानाच्या गाडीतून आणता येईल का. हो, ड्रायव्हरशेजारी एक जागा आहे."

वहिनी म्हणजे मी.

मग पानं उलटली. चष्मा लावून. जिथे जिथे चढ संपतो, तिथे तिथे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं, आणि खोडलेलं. खोडरबरानं चांगलं घासून. पण व. ची दाबून लिहायची सवय, ठसा राहतो. उजेडात तिरपं धरलं. "वहिनी इथे. बाक आहे." पुढच्या पानावर, "वहिनी इथे. चर्चची सावली." एका ठिकाणी, "वहिनी इथे नको, वारा फार."

सगळी पानं बघितली. अकरा ठिकाणी बसवलं होतं मला. अकरा ठिकाणांहून उठवलं.

आणि आणखी एक आज डोक्यात आलं. हवेचं त्यांनी एकटीला सांगितलं होतं. मला एकटीला. म्हणजे पोह्यांच्या दिवशी विचारलं तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, एकेक ओळ एकेकीची.

ता. २१ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. भाजी निवडताना. मेथी होती म्हणून बरं, खाली बघता येतं.

"वन्सं, ते गाणं माझं. सगळं. पाची ओळी."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होते. तू किती दिवस खोटं ठेवतेस त्याची. सदतीस झाले." मास्तरीण ती, मोजणारच.

मी म्हटलं, "भोंडल्यात नणंदेला गातातच की. मला वाटलं…"

"काय वाटलं?"

काय वाटलं होतं? की बायका हसतील. की मधे मी असेन. की ह्या बारा दिवस चालल्या आणि मी ह्या घरात एकटी भिंतींना टोमणे मारणार. हे शेवटचं मला तेव्हा माहीत नव्हतं, काल वहीत बघितल्यावर कळलं, आणि तेव्हा तर त्यांनी मला गाडीत बसवलं पण होतं. बोलले नाही ह्यातलं काही. वही बघितली हे कसं सांगू?

व. म्हणाल्या, "तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं वहिनी. उतरून ढकलली असती, पडले असते, रस्ता रिकामा. त्या सात जणींना पण मी कोण ते माहीत नव्हतं. आता त्या डोंगरात पण सात बायका माझी हवा बघणार."

मेथी झाली. मला एक पण थट्टा सुचली नाही. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा असेल.

ता. ३ डिसेंबर, सोमवार

भाजीवाल्या मंगुबेन आल्या. डभोईकडच्या. सगळ्या गावरस्त्यांची माहिती त्यांना. विचारलं, ट्रक येत नाही, माणूस दिसत नाही, आणि चढ आहे, असा रस्ता कुठे?

"चढाण जोईए छे? लोको तो सपाट शोधे, बेन!"

मग भाजी तोलता तोलता सांगितला. त्यांची लेक दिलीये जांबुघोड्याकडे. जंगलातून एक फाटा फुटतो, दिवसाला दोन एसट्या, बाकी बकऱ्या. त्यांचा जावई गाई घेऊन जातो त्या रस्त्यानं. "केटलुं लांबुं चढाण?" त्यांनी हिशोब केला, "बे बीडी."

म्हणजे दोन विड्या ओढून होईस्तोवर चालायचं, एवढा.

ता. ९ डिसेंबर, रविवार

व. ना सांगितलं, स्मिताकडे सत्यनारायण. आणि गेले जांबुघोड्याला. (खोटं अजून सुटत नाही. पण हे वेगळं. वेगळं ना?)

दोन एसट्या बदलून फाट्याला उतरले. चालत चढले. गुडघे माझेच खरे दुखणारे, त्यांचे नव्हे. मंगुबेनची लेक आली सोबत, कडेवर पोर. सगळं लिहून घेतलं, व. सारखं. हातपंप कुठे, सावली कुठे, डांबर कुठे उखडलंय. कुत्रा एक, पांढरा, म्हातारा, उठत नाही. दहा ते बारा बसून मोजलं: मोटारसायकली दोन, ट्रॅक्टर एक, बकऱ्या पुष्कळ. सागाची पानं ताटाएवढी, वारा आला की पत्रे वाजल्यासारखी वाजतात. सरळ चढ नाही, वळणं घेत जातो.

माहेरचे आमचे तात्या आठवले. चाळीसगावकडून घाटात बैलगाडी घालायचे. अर्ध्यावर थांबायचं, चाकामागे दगड लावायचा, बैलांना दम खाऊ द्यायचा. मग पुढे. मी गाडीत बसलेली असायचे, शाळेतून सुटी काढून. किती वेळा थांबायचे तात्या. बैलाला कधी कोणी हसलं नाही.

आल्यावर कागद व. च्या टेबलावर ठेवला. 

ता. ११ डिसेंबर, मंगळवार

कागद माझ्या उशीवर. लाल पेनानं तपासलेला. "अंतर किलोमीटरमध्ये लिहावे. दोन विड्या हे माप नव्हे." शुद्धलेखनाच्या चौदा चुका. कुत्र्याच्या वाक्याखाली मात्र रेघ, आणि समासात एक बरोबरची खूण.

सत्यनारायणाचा प्रसाद कुठाय, असं पण विचारलं नाही.

ता. २५ डिसेंबर, मंगळवार

सकाळी निळ्या फुलांची चादर धुऊन दोरीवर.  दुपारी जिन्याखालून पंपाचा आवाज, फुस्स फुस्स. रेडिओ मोठा केला, म्हणजे मला ऐकू येत नाहीये असं.

ता. १३ जानेवारी, रविवार

जांबुघोडा. रसिकभाईंच्या टेंपोत सायकल बांधली, व. खिडकीशी, मी मधे. रसिकभाई आमच्या निजामपुऱ्यातलेच, गाणं त्यांच्या बायकोला तोंडपाठ. निघताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "रसिकभाई, आजे हवानी वात नहीं करवानी." "ना रे बा, हुं तो ड्रायवर छुं."

फाट्याला व. उतरल्या. टोपलं घातलं. मी म्हटलं, "मी वर जाऊन बसते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वर कुठे?"

"चढ संपतो तिथे. दगड आहे एक. सावली आहे."

 मला वाटलं आता विचारणार, तुला वहीतलं कसं कळलं. नाही विचारलं.

टेंपो वर नेला, दगडावर बसले. तिथून खालची दोन वळणं दिसतात. पंधरा-वीस मिनिटांनी व. दिसल्या, पिवळा ठिपका. पहिलं वळण चढल्या. दुसऱ्याआधी सायकल डुलायला लागली, म्हणजे दम संपला, हे मला पण कळतं आता. उतरल्या. आणि मग वाकल्या. टायर दाबला.

मी रस्ता बघितला. वर, खाली. मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, बकरी पण नाही. कोणासाठी वाकल्या? एवढ्या लांबून एवढ्या रिकाम्या रस्त्यात बघणारं कोण होतं?

मी होते.

उठले, दगडाला वळसा घालून पलीकडे तोंड करून बसले. रसिकभाई उभे होते कंबरेवर हात ठेवून, तोंडात हसू येऊ घातलेलं. म्हटलं, "तुम्ही पण फिरा. आ बाजू."

"केम बा?"

"झाड जुओ."

"कयुं झाड?"

"जे दिसेल ते."

बिचारे फिरले. दोघं बसलो, जंगलाकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. सागाची पानं वाजत होती. मागून काय येतंय, चाक की पाऊल, काही कळेना. एकदा वाटलं साखळीचा आवाज. एकदा वाटलं चपला, म्हणजे बूट. मान फिरवायची इतकी इच्छा झाली की हातानं दगड धरून ठेवला. माझ्यासारखीला तो चढ व. च्या चढापेक्षा मोठा होता, हे पण लिहून ठेवते, कोणी म्हणणार नाही म्हणून.

मग मागे धापा. व. आल्या. बाटली उघडली, पाणी प्यायल्या. बराच वेळ.

"काय बघतेस तिकडे?"

"झाड."

"कसलं?"

"मोहाचं असेल."

"साग आहे वहिनी. चाळीस वर्षं माझ्या घरात राहून साग ओळखता येत नाही."

मी वळले. तोंड लालेलाल, केस टोपल्याखाली चिकटलेले. चढल्या की चालल्या? तोंडावरून काही कळत नाही. चालून पण लाल होतं. टायरकडे बघितलं नाही मी. जे विचारायचं होतं ते जिभेच्या टोकावर होतं, गिळलं. गोड नव्हतं.

ता. १४ जानेवारी, उत्तरायण

गच्चीवर सगळं निजामपुरं. कोकिलाबेन उंधियू घेऊन आल्या, आणि पहिली गोष्ट, "विजयाबेन, हवा बराबर छे ने?" व. फिरकी धरून उभ्या होत्या, माझ्या पाठीमागे.

मी म्हटलं, "कोकिलाबेन, ए गीत में बनाव्युं हतुं. मारी नणंदनी खानगी वात हती. भूल मारी छे. हवे नहीं बोलता."

गच्चीवर तीन ठिकाणी गाणी लावलेली. "शुं?"

परत सांगितलं. "शुं कह्युं?"

मग ओरडून सांगितलं. नेमका तेव्हाच कोणीतरी गाणं बंद केलं. स्मिता, वॉचमन, समोरच्या गच्चीवरचे सगळे, सगळ्यांनी ऐकलं की माझी चूक झाली. एक पतंग कटला आणि कोणी "काप्यो छे" पण ओरडलं नाही.  भोंडल्यात मधे उभं राहणं वेगळं आणि हे वेगळं.

कोकिलाबेन कसनुसं हसल्या, उंधियूचं पातेलं माझ्या हातात दिलं. मागे वळून बघितलं तर व. चं तोंड वर, आभाळाकडे, पतंग बघत. ऐकलं असेल. फिरकी मात्र फिरत नव्हती, तिच्या दोऱ्याला पतंगच नव्हता.

ता. १५ जानेवारी, मंगळवार

आज कळवायची तारीख. व. सकाळपासून कॉम्प्युटरच्या खोलीत, दार लोटलेलं. मी दोनदा चहा नेऊन दाराबाहेर ठेवला. दोन्ही वेळा कप रिकामा बाहेर आला.

अकराला बाहेर आल्या. सायकल काढली. आज पहाटे नाही, भर दिवसा, सगळ्यांच्या समोरून. "जाऊन येते."

"कुठे?"

"पुलावर."

कळवलं का? काय कळवलं? एवढंच विचारायचं होतं, आणि त्या गेल्या पण.

आत झाडायला गेले. इटलीची वही टेबलावर, मधोमध. मिटलेली. वर खोडरबर नाही, पेन्सिल आहे. आणि शेजारी माझा चष्मा, जो मी काल रात्री देवघरात ठेवला होता. मला पक्कं आठवतंय देवघरात. की नाही आठवत?

मुद्दाम ठेवला असेल. बघ, म्हणून. किंवा बघतेस का ते बघते, म्हणून. दोन्ही व. च करू शकतात.

खूप वेळ उभी होते केरसुणी धरून.

मग चष्मा तेवढा उचलला.